‘सेट’ला मराठीत काय म्हणायचं? दही, द्राक्षं, नाटक आणि खिळे

पायरीआंबा

नमस्कार मंडळी,

घरगुती उपकरणांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका मराठीत करणं हे माझं काम. मिक्सर, फ्रिज, वॉशिंग मशीन, असं काही ना काही चालू असतं. गेल्या आठवड्यात एका ओव्हनची पुस्तिका आली. सोबत ग्राहकाने एक तक्ता पाठवला होता: कुठल्या इंग्रजी शब्दाला कुठला मराठी शब्द वापरायचा. त्यात ‘सेट’समोर एकच शब्द होता, ‘सेट करणे’. खाली सूचना होती की एका शब्दाला एकच प्रतिशब्द ठेवावा, बदलू नये.

मी तसं केलं. घड्याळ सेट करा. तापमान सेट करा. ट्रे मधल्या खाचेत सेट करा. मग पाककृतींचा भाग आला आणि मी लिहिलं, ‘दही सेट होईपर्यंत भांडं हलवू नका.’

पुस्तिका झाली की ती आधी आईला वाचायला द्यायची, हा माझा नेम आहे. तिने चष्मा लावून, बोट फिरवत सगळं वाचलं आणि त्या ओळीवर थांबली. म्हणाली, “सेट म्हणजे नीट ठेवायचं का आत? ते तर वरच्या ओळीतच ठेवलं की.” मी म्हटलं, अगं दही लागेपर्यंत. तर म्हणाली, “मग लागेपर्यंत असं लिही ना. दही काय ट्रे आहे?”

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. दही लागतं. तूप थिजतं. खोबरेल थंडीत गोठतं. बासुंदीचं दूध आटतं, पिठलं आळतं, वडी पडते, लोणचं मुरतं. यांतल्या निम्म्या ठिकाणी आता सर्रास ‘सेट होतं’ म्हणतात, मी स्वतःही म्हणते. पण थिजणं आणि लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थिजलेलं तूप चुलीजवळ ठेवलं की परत पातळ होतं. लागलेलं दही कितीही तापवा, त्याचं दूध होत नाही. हे मला कुणी शाळेत शिकवलं नाही, त्या क्रियापदांनीच शिकवलं. दोन्हीकडे ‘सेट’ लिहिलं की तेवढं ज्ञान वाक्यातून गळून जातं, आणि त्याच वाक्याच्या भरवशावर कुणीतरी पहिल्यांदा दही लावायला बसणार असतं.

इंग्रजीवर माझा राग नाही. त्यांच्याकडेही पुट, प्लेस, ले, फिक्स, अ‍ॅडजस्ट, हार्डन, जेल, कंजील असे शब्द आहेत. तरी ते सेट वापरतात, कारण त्यांच्या कानाला तो प्रत्येक ठिकाणी नेमका कळतो. आपल्या कानाला कळतो का, हा माझा प्रश्न आहे.

तुमच्या कामात, घरात, गावाकडे ‘सेट’च्या जागी खरोखर काय म्हणतात ते लिहाल का? कोशातलं नको, तोंडातलं हवं. तक्ता परत पाठवायचाय आणि त्यात एकाऐवजी जितक्या ओळी लागतील तितक्या घालायच्यात.

मूळाक्षर

ताई, फार जिव्हाळ्याचा विषय काढलात. मूळ बघितलं तर तुमचा तक्ता पहिल्याच ओळीला दोन भागांत फुटतो. ‘सेट’ हे मुळात दोन निरनिराळे शब्द आहेत, इंग्रजीत येऊन एकसारखे दिसायला लागलेले.

क्रियापद आहे ते जुन्या इंग्रजीतल्या ‘सेट्टान’चं. ‘सिट’ म्हणजे बसणे, त्याचं हे प्रयोजक रूप. म्हणजे बसणे–बसवणे ही आपली जोडी, तीच त्यांची सिट–सेट. या घराण्याचं संस्कृत मूळ ‘सद्’. सदन, संसद, परिषद, उपनिषद हे सगळे त्यातलेच, सगळीकडे बसणं आहे.

दागिन्यांचा सेट, कपबश्यांचा सेट यातलं नाम वेगळ्या वाटेने आलं. जुन्या फ्रेंचमधून, त्यामागे लॅटिन ‘सेक्टा’. मागून जाणाऱ्यांचा, अनुयायांचा जथा, पंथ. आपल्याकडे त्या मुळाचा नातेवाईक आहे ‘सच्’, म्हणजे सोबत असणे, मागे जाणे. त्यावरून सचिव. म्हणजे घड्याळ सेट करताना तुम्ही संसदेच्या घरात असता आणि कपबश्यांचा सेट घेताना सचिवाच्या. पुढे इंग्रजीत दोघांचे अर्थ एकमेकांत इतके मिसळले की आज बोलणाऱ्याला ते एकच वाटतात.

पसाऱ्याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ची, वीस खंडांची. त्यात ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० अर्थ दिलेत आणि ती एक नोंद सुमारे ६० हजार शब्दांची आहे. त्या आवृत्तीतली सर्वांत लांब नोंद तीच. पुढच्या आवृत्तीच्या कामात मात्र ‘रन’ने तिला मागे टाकलं, त्या क्रियापदाचे ६४५ अर्थ झालेत.

तेव्हा एका शब्दाला एकच प्रतिशब्द ही सूचना ज्यांनी लिहिली त्यांना फक्त हा आकडा कळवा.

द्राक्षबाग

ताई, मी निफाड तालुक्यातला. आमच्याकडे ‘सेटिंग’ हा शब्द दिवसातून पन्नास वेळा निघतो, तो काढून टाका म्हणाल तर बाग बोलायची थांबेल.

ऑक्टोबरला गोडी छाटणी झाली की फुटी निघतात, घड दिसायला लागतात, मग फुलोरा येतो. फुलोऱ्यातून मणी धरायला लागला की ती मणी सेटिंग. बाजरीएवढा, मग ज्वारीएवढा मणी, असं आम्ही माप सांगतो. त्या आठवड्यात रात्री झोप नसते. फुलोऱ्यात पाऊस लागून राहिला तर गळ आणि कूज, मग वर्षभराच्या खर्चाचं काय ते समजून घ्या. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका प्लॉटात घड हातात धरला आणि नुसतं हलवलं, तर फुलं पिठासारखी तळहातावर पडली. शेजारच्याने बांधावरून विचारलं, “सेटिंग कसंय?” मी तळहात दाखवला. त्याने पुढे काही विचारलं नाही.

सांगायचं एवढंच, की हा शब्द आम्ही पुस्तकातून घेतला नाही, आमच्या काळजीतून तो मराठी झालाय. त्याच्या आधी ‘धरणे’ होतं आणि आजही आहे. डाळिंबवाले बहार धरतात. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार. झाडाला फळ धरलं, कैरी धरली असंही म्हणतो. पण एक बारकावा बघा. ‘बहार धरला’ हे शेतकरी करतो, पाणी तोडून झाडाला ताण देऊन. ‘सेटिंग झाली’ हे झाड करतं. दोन्ही शब्द आम्हाला लागतात.

पायरीआंबा

दादा, तळहाताचं वाचून गलबलले. आणि तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. जिथे शब्द कामात रुळून त्याला स्वतःचा अर्थ आलाय तिथे तो काढायचा नाहीये मला. माझं भांडण आहे ते नेमका शब्द हाताशी असताना बिननेमका उचलण्याशी.

तिसरी घंटा

नाटकवाल्यांकडून थोडं. हौशी आणि व्यावसायिक दोन्हीकडे पडद्यामागे काम केलंय.

आमच्याकडे नाटक ‘बसवतात’. सेट ‘लावतात’. आणि प्रयोग ‘लागतो’. शिवाजी मंदिरला दुपारचा प्रयोग लागलाय, असं. आता गंमत बघा, जे क्रियापद इंग्रजी सेटचं सख्खं भावंड आहे, ते आपण नाटकासाठी ठेवलं. आणि इंग्रजीतून जो सेट आला तो लाकडी चौकटींचा, दारं-खिडक्यांचा. दौऱ्यावर गाडी नाट्यगृहाशी लागली की पहिला प्रश्न “सेट किती वेळात लागेल?” तिथे कुणी “सेट सेट झाला का” म्हणत नाही, म्हणूच शकत नाही. छापील जाहिरातीत त्यालाच नेपथ्य म्हणतात, पण हातोडी हातात असलेला माणूस सेटच म्हणतो.

नट उभा कुठे राहणार, कुठल्या वाक्याला वळणार, हे ठरवत जाण्याला ‘बसवणं’ हा इतका चपखल शब्द आहे की मला त्याला दुसऱ्या कुठल्याही भाषेत पर्याय सुचत नाही. पहिल्या आठवड्यात सगळं सैल असतं, हलत असतं. मग एका संध्याकाळी प्रवेश बसतो. त्यानंतर नटाला तो आठवावा लागत नाही.

दूरदेशी

आम्ही इथे अमेरिकेत रविवारी मुलांना मराठी शिकवतो. मुलं घरी इंग्रजीत ऐकतात “टेबल सेट करा”, आणि आम्हाला विचारतात मराठीत काय म्हणायचं. पहिल्या वर्षी मी ‘टेबल मांडा’ सांगितलं. एका आजी भारतातून आल्या होत्या, मागे बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “पानं घ्या, असं शिकव.” वर्गात शांतता. मुलांना झाडाची पानं डोळ्यांसमोर आली. मग आजींनी केळीच्या पानापासून ताटापर्यंत सगळं सांगितलं, पाट, रांगोळी, मीठ कुठे, चटणी कुठे, वरणभात कधी. आता आमच्या घरी सातला माझी मुलगी ओरडते, “पानं घेतली!” टेबलावर चिनी मातीच्या प्लेटा असतात.

धाग्यासाठी भर: पानं घेणे, पानं वाढणे, ताटं मांडणे. घड्याळाला आणि गजराला ‘लावणे’. सापळा लावणे. तारीख ठरवणे, मुहूर्त काढणे, प्रश्नपत्रिका काढणे, विक्रम नोंदवणे, पायंडा पाडणे. या सगळ्याला इंग्रजीत मुलं सेटच म्हणतात. सूर्याला ‘मावळणे’. मावळत म्हणजे पश्चिम हे सांगितल्यावर एक मुलगा खिडकीकडे बोट करून म्हणाला, “मग तिकडे मावळत.” त्याला दिशा आणि क्रिया एकदमच मिळाली.

त्रिज्या

मी नववीला गणित शिकवते. भाग एकचं पहिलंच प्रकरण ‘संच’. संयोग, छेद, उपसंच, रिक्त संच. हे शब्द मला फार आवडतात, विशेषतः रिक्त संच, कारण मुलांना ‘काहीच नाही’ आणि ‘काही नसलेली पिशवी’ यातला फरक त्यातून लगेच कळतो. हे गणित उभं केलं जर्मनीतल्या जॉर्ज कँटरने, १८७४च्या लेखापासून पुढे. त्याच्या जर्मन शब्दाचा, ‘मेंगे’चा, साधा अर्थ ढीग, मोठी संख्या असा आहे. आपला ‘संच’ माझ्या मते जास्त चांगला, साठवून एकत्र ठेवलेलं असा त्यात भाव आहे.

पण संचानेही बाहेर बरंच काही गिळलंय हे सांगायला हवं. दूरदर्शन संच, दूरध्वनी संच, वीज केंद्रातला बंद पडलेला संच, स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेचे संच. मराठीत एकत्र असलेल्या वस्तूंना किती सुंदर शब्द आहेत! मेथीची जुडी, मोत्यांचा सर, गवताची पेंडी, लाकडांची मोळी, नाण्यांची चळत, मडक्यांची उतरंड, केळ्यांची फणी. प्रत्येकात वस्तू एकमेकींना कशा लागून आहेत ते दिसतं. चळत म्हटलं की एकावर एक सपाट. उतरंड म्हटलं की खाली मोठं, वर लहान. डब्यांच्या सेटला आमच्या घरी आजही उतरंडच म्हणतात, कारण तसे रचलेले असतात.

पायरीआंबाताई, तुमच्या पुस्तिकेत एकात एक बसणाऱ्या वाट्या असतील तर नुसतं ‘वाट्यांचा संच’ लिहू नका, ‘एकात एक बसणाऱ्या’ हे शब्द हवेत. आणि आमच्या मुलांसाठी सेट म्हणजे आधी राज्य पात्रता परीक्षा, प्राध्यापक व्हायला लागते ती. पुणे विद्यापीठ ती महाराष्ट्र आणि गोव्यासाठी घेतं. “माझी ताई सेट झाली” म्हणजे काय ते इथे सगळ्यांना एका अर्थाने कळतं.

जुनी गॅली

वडील छापखान्यात जुळारी होते. आता हा शब्दच कानावर पडत नाही. टाइप सेट करणं म्हणजे खिळे, शिशाची सुटी अक्षरं, जुळवणं आणि ते करणारा तो जुळारी. लहानपणी शाळा सुटली की मी तिथे जायचो. वडील उभे, समोर लाकडी खणांची तिरकी केस, डाव्या हातात स्टिक, म्हणजे खिळ्यांची ओळ रचायची पट्टी. उजवा हात खणाकडे न बघताच जायचा, बोटं आपोआप काना, वेलांटी, अर्धा त उचलायची. इंग्रजीला लागतात त्याच्या कित्येक पट खण देवनागरीला, जोडाक्षरं वेगळी, मात्रा वेगळ्या. आणि सगळं उलटं वाचायचं. ते मला अक्षराचा पाय धरून दाखवायचे, शाईने काळी पडलेली बोटं, नखांच्या कडेला शिसं.

एकदा मी गॅली, म्हणजे जुळवलेल्या ओळी ठेवायचा ट्रे, सरकवायला गेलो आणि बांधलेलं अर्धं पान फरशीवर सांडलं. वडील रागावले नाहीत. खाली बसले आणि मला म्हणाले, “चल, जुळव.” त्या दिवशी रात्री नऊपर्यंत आम्ही खिळे खणात परत टाकत होतो.

‘सेट करणे’ म्हणताना फक्त काम झालं एवढं कळतं. ‘जुळवणे’ म्हटलं की एकाशेजारी दुसरा, त्याच्याशेजारी तिसरा, ओळ भरून येईपर्यंत, हे दिसतं. म्हणून तो शब्द लिहून ठेवतोय इथे.

मूळाक्षर

गॅलीदादा, तुमच्या प्रतिसादानंतर काही लिहिणं अवघड आहे, पण दोन मुद्दे राहिलेत.

पहिला, बसणे. इतकं सोपं दिसणारं हे क्रियापद आतून उलटसुलट आहे. जम बसला, घडी बसली, विश्वास बसला, गणपती बसले, घट बसले: सगळं स्थिर, शुभ. आणि धंदा बसला, घसा बसला, केक बसला, भिंत बसली: सगळं खचलेलं. तेच क्रियापद, दोन टोकं. परक्या माणसाला ‘दुकानाचा जम बसला’ आणि ‘दुकान बसलं’ यात फरक काय हे सांगून बघा.

दुसरा मुद्दा, आपण इंग्रजीच्या सेटबद्दल बोलतोय तेव्हा आपल्या ‘लागणे’कडेही बघायला हवं. मोल्सवर्थचा कोश १८३१चा, वाढवलेली आवृत्ती १८५७ची. त्यात ‘लागणे’ उघडा, अर्थांची रांग संपत नाही. भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, दिवे लागतात, निकाल लागतो, लग्न लागतं, सूर लागतो, दृष्ट लागते. आंबा गोड लागतो. तो माझा मामा लागतो. प्रवासाला पैसे लागतात. ‘बोट लागली’ म्हणजे धक्क्याला लागली की पोटात ढवळलं, हे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं. कुणी परदेशी अनुवादक असाच धागा काढून ‘लागणे’ला एकच प्रतिशब्द मागत असेल तर त्याची स्थिती ताईंसारखीच होईल. प्रत्येक भाषेत असे दोन-चार शब्द घरातल्या थोरल्या सुनेसारखे सगळीकडे हात लावून असतात.

सोनचाफा

आमचं पिढीजात सोनाराचं दुकान. खडा कोंदणात बसवतात, जडवतात. नथीत मोती बसवत नाहीत, सोन्याच्या तारेत ओवतात. हल्ली गिऱ्हाईक दोन्हीला सेटिंग म्हणतं आणि मग दुरुस्तीला आणताना “सेटिंग निघालं” म्हणतं. मी आधी विचारतो, खडा हलतोय की तार उसवलीय? काम वेगळं, वेळ वेगळा, पैसे वेगळे.

विटेवरचा

बांधकामावर सुपरवायझर आहे, थोडक्यात लिहितो. साध्या सिमेंटला भारतीय मानकात दोन वेळा दिल्यात: सुरुवातीचं सेटिंग ३० मिनिटांच्या आत व्हायला नको, शेवटचं ६०० मिनिटांच्या पुढे जायला नको. गवंडी म्हणतो “माल धरला.” माल धरायच्या आत थापी फिरली पाहिजे. आणि धरला म्हणजे पिकला असं नाही, पुढे पाणी मारत राहायचं. नवीन मुलं ‘सेट झालं’ ऐकून पाणी मारायचं सोडतात, हे मी स्वतः पाहिलंय. स्लॅबला बारीक भेगा पडल्या की मग कळतं.

हाडाचंही तसंच आहे. हाडवैद्य हाड बसवतो, पण जुळतं ते आपलं आपण, आठवडे घेऊन. इंग्रजीत दोन्हीला सेट.

पायरीआंबा

सगळ्यांचे मनापासून आभार. तक्ता पाठवला आणि काल उत्तर आलं, ते कळवायलाच आलेय.

मी ‘सेट’च्या अकरा ओळी केल्या. घड्याळ व गजर लावणे, तापमान ठरवणे, ट्रे खाचेत बसवणे, दही लागणे, तूप थिजणे, वडी पडणे, जेली घट्ट होणे, ताटं मांडणे, वाट्यांसाठी संच, आणि असंच पुढे. प्रत्येकासमोर पुस्तिकेतलं वाक्य दिलं. विटेवरच्यांचा सिमेंटचा अनुभव सोबतच्या पत्रात घातला, नाव न घालता.

ग्राहकाने पाककृतींचा सगळा भाग मान्य केला. यंत्राच्या भागात मात्र ‘सेट’ ठेवायला सांगितलं, कारण बटणावर इंग्रजीत तोच शब्द छापलाय आणि वाचणाऱ्याला तेच बटण शोधायचं असतं. हे मला पटलं. तिथे आता ‘सेट बटण दाबून तापमान ठरवा’ असं झालंय.

सुधारलेलं पान आईला दिलं. ‘दही लागेपर्यंत भांडं हलवू नका’ वाचून ती काही बोलली नाही, पुढे गेली. मग परत मागे आली. “थंडीत रात्रभर आणि उन्हाळ्यात चार-पाच तास, हे नाही लिहिलंस?” मूळ पुस्तिकेत ते नव्हतं, तिथे ओव्हन चाळीस अंशांवर ठेवून सहा तास एवढंच होतं. मी ग्राहकाला विचारून एक ओळ वाढवली आहे: ओव्हन न वापरता ओट्यावर लावलंत तर थंडीत रात्रभर लागेल.

जेलीला ‘घट्ट होणे’ याहून बरं काही असेल तर सांगा, छपाईला अजून चार दिवस आहेत.